सहा रात्री, दोनच मुक्काम

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही कऱ्हाडचे. घरात पाच माणसं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नवरा, ११ वर्षांचा मुलगा, ५ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. देवदर्शन, लग्नकार्यं आणि एकदा गणपतीपुळे सोडलं तर सगळे मिळून कुठेच गेलो नाही. यंदा दिवाळीच्या सुट्टीत भूतान ठरवलंय. तिथे सहा रात्री मिळतील. यांना फोटो काढायची आवड आहे, त्यांना चेलेला खिंड बघायचीय. मुलगा पक्षीवेडा, त्याला फोबजिखाचे काळ्या मानेचे क्रौंच हवेत. सासूबाईंनी टायगर्स नेस्ट मठाचा फोटो कॅलेंडरवर पाहिला, तेव्हापासून तो त्यांच्या मनात बसलाय. पण गुडघे दुखतात आणि बीपीची गोळी चालू आहे. धाकटीला गाडी लागते. एका ट्रॅव्हलवाल्यांनी बागडोगऱ्याला विमानाने उतरून पुढे रस्त्याने फुंत्शोलिंग, थिंफू, पुनाखा, फोबजिखा, पारो आणि परत फुंत्शोलिंग असं दिलंय. जमेल का? यात काही बघायचं राहतंय का?

उत्तर : तुमचा आराखडा मी वहीत मांडला आणि शेजारी गाडीतले तास लिहिले. बागडोगरा ते फुंत्शोलिंग चार, तिथून थिंफू पाच, पुनाखा तीन, फोबजिखा तीन, पारो सहा, परत फुंत्शोलिंग पाच, बागडोगरा चार. तीस तास झाले. म्हणजे सहा दिवसांत तीस तास घाटातल्या वळणांवर, आणि सोबत गाडी लागणारी पाच वर्षांची मुलगी. शिवाय सहा रात्रींत रोज नवी खोली. बघायचं काही राहत नाही, पण बसायला, झोपायला आणि एकमेकांशी बोलायला जागाच उरत नाही.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण २०१७ मध्ये आम्ही अशीच सहल केली होती. माझी आई तेव्हा ७१ वर्षांची होती, मुली चौदा आणि आठ वर्षांच्या. सात रात्रींत पाच हॉटेलं. रोज सकाळी बॅगा भरायच्या, मोजायच्या, गाडीवर चढवायच्या. तिसऱ्या दिवशी आईच्या गोळ्यांचा डबा मागच्या हॉटेलात राहिला, हे तीन तास पुढे आल्यावर कळलं. थिंफूला पोचल्यावर पहिली धावपळ औषधांच्या दुकानाची झाली. त्या सहलीचे फोटो शेकडो आहेत. पण आई आणि मी निवांत बसून चहा पितोय, असा त्यात एकही नाही. आई आता नाही, म्हणून हे जास्त लागतं.

तेव्हा माझा सल्ला असा : सहा रात्री, पण मुक्काम दोनच. पारो आणि पुनाखा.

रस्त्याने जाण्यापेक्षा कोलकाता ते पारो विमान घ्या. पैसे जास्त जातील, मान्य. हॉटेल एक पायरी साधं घ्या, पण हे विमान घ्या. तुम्ही पुण्याहून कोलकात्याला जाल, तिथे एक रात्र काढा आणि सकाळी पारो. पारोचं विमानतळ डोंगरांच्या खोबणीत आहे. तिथे वैमानिक डोळ्यांनी दरी पाहत विमान उतरवतात, म्हणून विमानं फक्त दिवसाउजेडी चालतात आणि हवा बिघडली की थांबतात. त्यामुळे परतीच्या वाटेवर कोलकात्यात एक रात्र मोकळी ठेवाच. पारोहून दुपारी पोचून संध्याकाळचं पुण्याचं विमान पकडायचं, असा जोडून बेत करू नका. दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली असली, तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं कुणी थांबवत नाही.

आता उंचीचं. डोंगराळ देशात पहिल्यांदा जाणाऱ्यांनी अंतराच्या आधी उंची बघायची. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. पारोची दरी, म्हणजे जिथे भात पिकतो ती सपाट जमीन, सुमारे २२०० मीटरवर आहे. विमानातून उतरता तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच असता. त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढे मुक्काम केला की वाढतो, म्हणून पारोत घाबरण्यासारखं काही नाही. पण पहिल्या दिवशी काहीच करायचं नाही. भरपूर पाणी, हलकं जेवण, नदीकाठी दहा मिनिटं फेरी, लवकर झोप. सासूबाईंच्या डॉक्टरांना निघण्याआधी भेटा आणि त्यांना मीटरमधला आकडा सांगा. ‘डोंगरात चाललोय’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पुनाखा. सकाळी सातला निघालात तर दहाच्या सुमारास दोचुला खिंडीत असाल, उंची सुमारे ३१०० मीटर. इथे १०८ छोर्तेन, म्हणजे स्तूप, एका टेकडीवर वर्तुळात उभे आहेत. डिसेंबर २००३ मध्ये दक्षिण सीमेवरच्या लष्करी मोहिमेत मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ तेव्हाच्या राणीसाहेब आशी दोर्जी वांग्मो वांग्चुक यांनी ते बांधवले. दिवाळीच्या दिवसांत सकाळी आकाश बहुधा स्वच्छ असतं, दुपारी ढग चढतात, म्हणून लवकर पोचायचं. मुलाला समोरच्या रांगेतलं गांखर पुएनसुम शोधायला सांगा, ७५७० मीटर. जगातल्या ज्या शिखरांवर अजून माणसाचा पाय पडलेला नाही, त्यांतलं हे सर्वांत उंच. १९९४ पासून भूतानने सहा हजार मीटरवरच्या शिखरांना बंदी घातली आणि २००३ पासून गिर्यारोहणच बंद केलं, कारण तिथल्या लोकांसाठी ती देवांची घरं आहेत. खिंडीत अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नका आणि मुलांना पळू देऊ नका.

मग रस्ता उतरत उतरत पुनाखाला जातो. पुनाखा सुमारे १२०० मीटरवर, आपल्या महाबळेश्वरपेक्षाही खाली. हवा उबदार, बांधाबांधावर भाताची शेतं. सासूबाईंना इथे पहिल्याच रात्री शांत झोप लागेल, आणि म्हणूनच मी दोन रात्री इथे ठेवल्यात.

पुनाखाचा झोंग बघताना तुम्हा कऱ्हाडकरांना जे वाटेल, ते दुसऱ्या कुणाला वाटणार नाही. फो छू आणि मो छू या दोन नद्या, तिथले लोक त्यांना पुरुष आणि स्त्री नदी म्हणतात, जिथे मिळतात त्या टोकावरच हा किल्लेवजा मठ उभा आहे. १६३७-३८ मध्ये भूतान एकत्र आणणारे धर्मगुरू झाबद्रुंग नगवांग नामग्याल यांनी तो बांधला. सध्याचे राजे जिग्मे खेसर यांचं लग्न २०११ मध्ये इथेच झालं. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर आयुष्य गेलेल्या सासूबाईंना संगम काय असतो, हे सांगावं लागणार नाही. त्यांना पुलाच्या अलीकडे सावलीत बसवा आणि नुसतं बघू द्या. आत जायचा लाकडी जिना फार उभा आहे. गुडघे नको म्हणाले तर आग्रह करू नका. आत जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्या, पूर्ण पायघोळ कपडे घालायचे, टोपी काढायची. साडी चालते.

मुलाच्या क्रौंचांबद्दल लिहिताना मला वाईट वाटतंय. फोबजिखा यंदा वगळा. ते क्रौंच तिबेटकडून ऑक्टोबरच्या अखेरीपासून यायला लागतात. ११ नोव्हेंबरला गांगते मठात त्यांचा उत्सवही असतो. पण दिवाळी लवकर आली तर दरी रिकामी असू शकते. शिवाय ती जागा तीन हजार मीटरच्या आसपास आहे, रात्री कडाक्याची थंडी, वर गाडीचे वाढीव तास. मात्र त्याला हे सांगा : पुनाखाच्या नदीकाठी पांढऱ्या पोटाचा बगळा दिसू शकतो. हा जगातल्या अत्यंत दुर्मीळ पक्ष्यांपैकी आहे. आणि पारोच्या नदीत, गोट्यांच्या पात्रात, हिवाळा लागला की आयबिसबिल येतो. दगडाच्या रंगाचा पक्षी, लाल वाकडी चोच. हलला नाही तर दिसतच नाही. मुलगा खरा पक्षीवेडा असेल तर तासभर दुर्बीण डोळ्यांवरून काढणार नाही. क्रौंच त्याच्या पुढच्या सहलीसाठी राहू देत.

चौथ्या दिवशी परत पारो, वाटेत अर्धा दिवस थिंफू. राजधानी असून तिथे सिग्नलचे दिवे नाहीत. चौकातल्या नक्षीदार छत्रीखाली पोलीस हातवारे करून गाड्या सोडतात. तुमची धाकटी ते बघायला आनंदाने थांबेल. तिला ताकीनही दाखवा, भूतानचा राष्ट्रीय प्राणी, शेळीचं तोंड आणि गायीचं अंग असल्यासारखा. दोर्देन्मा बुद्धाची मूर्ती टेकडीवर आहे, गाडी जवळपर्यंत जाते. एवढं पुरे.

तिच्या गाडी लागण्यावर : निघण्याआधी पोट भरून दूध देऊ नका, कोरडं काहीतरी द्या. मधल्या सीटवर, समोर रस्ता दिसेल अशी बसवा. मोबाइल हातात नको. चालकाला पहिल्याच सकाळी सांगा की दर पाऊण तासाला थांबायचंय. गोळी द्यायची तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे. गाडी आणि चालक सहाही दिवस एकच ठेवा, मुलं माणसाला सरावतात. परवानाधारक भूतानी गाइडही घ्या, पुढच्या दिवसासाठी तो लागेलच. आणि पारोत दोन्ही वेळा एकच हॉटेल घेतलं तर जड बॅग तिथेच ठेवून पुनाखाला लहान पिशवीने जाता येतं. (औषधांचा डबा मात्र कायम सासूबाईंच्या खांद्याच्या पिशवीत.)

आता टायगर्स नेस्ट, म्हणजे ताक्त्सांग. तुमच्या पत्रातला हाच भाग मी तीनदा वाचला.

मठ ३१२० मीटरवर, पारोच्या दरीपासून सुमारे नऊशे मीटर वर, कड्याला चिकटलेला आहे. आठव्या शतकात गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून इथल्या गुहेत आले, अशी श्रद्धा. मठ १६९२ चा. १९९८ च्या आगीत मोठं नुकसान झालं, तो पुन्हा बांधला. गाडी पायथ्यापर्यंत जाते. पुढे दोन-अडीच तासांची चढण, अर्ध्या वाटेवर एक कॅफेटेरिया आणि शेवटी शेकडो पायऱ्या खाली-वर. घोडे कॅफेटेरियाच्या आसपासपर्यंत नेतात, पण फक्त चढताना. उतरताना पायीच यावं लागतं, आणि गुडघ्यांचे खरे हाल उतरताना होतात. म्हणून सासूबाईंना घोड्यावर बसवू नका, कुणी कितीही सुचवलं तरी. पायथ्याजवळून मठ स्पष्ट दिसतो. मुलाची दुर्बीण त्यांच्या हातात द्या. कॅलेंडरात न दिसलेल्या खिडक्या त्यांना दिसतील.

मग त्यांना क्यिचू ल्हाखांगला न्या, पारोजवळच, सपाटीवर. सातव्या शतकातलं मंदिर. तिबेटचे राजे सोंगत्सेन गाम्पो यांनी हिमालयावर पसरलेल्या एका राक्षसिणीला जखडण्यासाठी एका दिवसात १०८ मंदिरं उभारली, आणि हे तिच्या डाव्या पायावरचं, अशी कथा आहे. धाकटीला ती गाडीत सांगून ठेवा, म्हणजे ती जमिनीला कान लावून बसेल. तिथे पारोतल्या म्हाताऱ्या बायका माळ ओढत, प्रार्थनाचक्रं फिरवत प्रदक्षिणा घालत असतात. सासूबाईंना त्यांच्यात जाऊ द्या. एकमेकींची भाषा येत नसली तरी जपाची माळ दोघींच्याही ओळखीची आहे. माझी आई तिथे एका आजींच्या शेजारी पाऊण तास बसली होती. त्या सहलीत ती खुशीत होती ती तेवढाच वेळ.

आता एक विचारते. पत्रात यांचं चेलेला आहे, मुलाचे क्रौंच आहेत, सासूबाईंचा मठ आहे, धाकटीची उलटीसुद्धा आहे. तुम्हाला काय बघायचंय, ते कुठेच नाही. अडीच पानी पत्रात एक ओळ नाही.

२०१७ मध्ये ताक्त्सांगच्या पायथ्याशी मी आई आणि ताप आलेल्या माझ्या धाकटीबरोबर बसले होते. नवरा आणि थोरली वर गेले. तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. कुणीतरी बसायला हवं होतं, आणि ते कुणीतरी मी, हे कुणी न बोलताच ठरलं होतं. आई दोनदा म्हणाली, ‘‘तू जा गं, आम्ही दोघी बसतो.’’ मी गेले नाही. २०२३ मध्ये थोरलीला घेऊन फक्त त्यासाठी परत गेले आणि चढले. आत फोन नेता येत नाही, त्यामुळे मठाच्या आतला माझा फोटो नाही, आणि मला तो नकोही.

म्हणून पाचव्या दिवशी सकाळी सातला मुलाबरोबर तुम्ही वर जा. गाइड तुमच्यासोबत असेल. दुर्बीण, पायथ्याचं दर्शन, क्यिचू, राक्षसिणीची गोष्ट आणि धाकटीची शी-शू हे सगळं त्या दिवशी यांच्याकडे. त्यांची आई आहे, त्यांची मुलगी आहे. ते उत्तम करतील. सहाव्या दिवशी पहाटे ते मुलाला घेऊन चेलेलाला जातील. खिंड जवळजवळ चार हजार मीटरवर आहे, पण तोवर पाच दिवसांत अंग सरावलेलं असेल. डोकं दुखायला लागलं तर लगेच उतरायचं, एवढं बजावून ठेवा. सासूबाई आणि धाकटी चेलेलाला नकोत.

खर्चाचा एक आकडा आत्ताच धरा. भूतान भारतीय पर्यटकांकडून दर रात्री माणशी १२०० रुपये विकास शुल्क घेतं. ६ ते १२ वयाला निम्मं, पाच वर्षांपर्यंत माफ. तुमचे तीन मोठे २१,६०० आणि मुलाचे ३६००, एकूण २५,२०० रुपये. पैसे भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर चालू दर बघून घ्या. हॉटेल-गाडीच्या ‘पॅकेज’मध्ये हे धरलंय की नाही, तेही लेखी विचारा.

आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी तुमच्या नावाने ‘हॉट स्टोन बाथ’ सांगून ठेवा. लाकडी हौदात नदीचे तापवून लाल केलेले दगड सोडतात, पाण्यात औषधी पाला असतो. उतरून आलेल्या पोटऱ्यांना त्यासारखं काही नाही. बीपीमुळे सासूबाईंना नको. दगड तापायला बराच वेळ लागतो, तेव्हा सकाळी चढायला निघतानाच हॉटेलात सांगा.

प्रश्न : आमच्याकडे पासपोर्ट नाहीत. भूतानला आधार कार्डावर जाता येतं असं शेजारी म्हणतात. खरं का? मुलगी नऊ वर्षांची आहे. (इचलकरंजी)

उत्तर : नाही. आधार चालत नाही. मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. पासपोर्ट असेल तर त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. मुलीला पासपोर्ट नसेल तर इंग्रजी मजकूर असलेला जन्मदाखला आणि सोबत आईवडील. मूळ कागद न्या, झेरॉक्सवर भागत नाही. आजच कपाट उघडून नावं ताडून बघा. मतदार कार्डावर लग्नाआधीचं नाव आणि मुलीच्या दाखल्यावर लग्नानंतरचं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून तिकीट काढण्याआधी हे काम करा.

भूतानचं चलन ङुल्ट्रम, किंमत रुपयाइतकीच. आपल्या नोटा तिथे चालतात, शंभराच्या जास्त ठेवा. उरलेले ङुल्ट्रम मात्र तिथेच संपवा, इचलकरंजीत ते कुणी घेणार नाही. घड्याळ अर्धा तास पुढे करा.

प्रश्न : आम्ही माळकरी. आई ७२ वर्षांची, बाहेरचं खात नाही. भूतानमध्ये तिचं कसं होईल? (अमरावती)

उत्तर : आईंना उपाशी राहावं लागणार नाही. भारतीय पाहुणे इतके येतात की बहुतेक हॉटेलांत वरण, भात, पोळी, बटाट्याची भाजी मिळते. अडचण भांड्यांची आहे. त्याच स्वयंपाकघरात मांस शिजतं, आणि हे आईंना आधी सांगा, तिथे गेल्यावर कळू देऊ नका. त्यांना ते चालणार नसेल तर खोलीत पाणी तापवायची किटली मागून घ्या आणि घरून दशम्या, लाह्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट न्या. फळं आणि भाजलेलं कणीस रस्त्याकडेला मिळतं.

तुम्हाला स्वतःला चालत असेल तर केवा दात्शी जरूर खा, बटाटा आणि चीज. एमा दात्शी मागवताना मात्र हे लक्षात घ्या की तिथे मिरची हीच भाजी आहे. अमरावतीचा ठेचा पचवणाऱ्यांनीही पहिल्या दिवशी एकच चमचा घ्यावा. सूजा म्हणजे लोणी घातलेला खारट चहा. तो चहा समजून तोंडाला लावला तर आवडत नाही, सार समजून प्यायला तर आवडतो.

पारोकडचा लाल तांदूळ आईंसाठी स्वतंत्र पातेल्यात शिजवून द्याल का, असं आदल्या रात्री विचारा. माझ्या अनुभवात कुणी नाही म्हटलेलं नाही. त्या गरम भातावर घरचं मेतकूट आणि लोणकढं तूप घातलं की आई दोन घास जास्त खातील. तूप छोट्या डब्यात, झाकणाला चिकटपट्टी लावून, आणि विमानात हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत.